इमर्जन्सीनंतरच्या सकाळी त्यांना घरी पाठवा : शल्यचिकित्सा विभागप्रमुखांना खुले पत्र

प्रति,
सर्व शल्यचिकित्सा विभागप्रमुख आणि युनिटप्रमुख,
शासकीय वैद्यकीय महाविद्यालये, मराठवाडा

आदरणीय सर आणि मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मी भूलतज्ज्ञ. मराठवाड्यातल्या एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात उमेदीची सगळी वर्षं काढली आणि तिथूनच निवृत्त झाले. आज विभागप्रमुखाच्या खुर्चीत असलेल्या काहींच्या पहिल्या अपेंडिक्सला भूल मी दिलेली आहे. त्यामुळे बाहेरचं कुणी बोट दाखवतंय असं समजू नका. घरातल्या मोठ्या माणसाचं पत्र म्हणून शेवटपर्यंत वाचा.

मागणी एकच आहे, ती आधीच लिहून टाकते. युनिटची इमर्जन्सी, म्हणजे तातडीचे पेशंट घेण्याची दिवस-रात्रीची ड्यूटी, संपली की दुसऱ्या दिवशी सकाळी हँडओव्हर द्यायचा, म्हणजे पेशंट पुढच्यांच्या हाती सोपवायचे, आणि त्या युनिटच्या निवासी डॉक्टरांनी, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या रेसिडेंटनी, घरी जायचं. त्यानंतर त्यांना राउंड नको, ओपीडी नको, ओटी (ऑपरेशन थिएटर) नको. याला शासन निर्णय लागत नाही, मंत्रालयात फाइल फिरवावी लागत नाही. ड्यूटी चार्ट आपल्याच सहीने निघतो.

ऑपरेशन थिएटरमध्ये भूलतज्ज्ञ पेशंटच्या डोक्याशी बसतो. मध्ये हिरवा पडदा, पलीकडे सर्जन. आमचं लक्ष मॉनिटरवर असतं तितकंच पलीकडच्या हातांवर असतं, कारण तिथे काय चाललंय यावर आमचं पुढचं पाऊल ठरतं. पहाटे चारला ते हात कसे चालतात आणि सकाळी दहाला झोप घेऊन आलेले हात कसे चालतात, हे मी अनेक वर्षं शेजारी बसून पाहिलं आहे. गाठ तीच, धागा तोच, पण पहाटे ती दोनदा मारावी लागते. एखादा चांगला, हुशार रेसिडेंट क्षणभर थांबतो आणि आपण कुठल्या पायरीवर आहोत हे त्याला आठवावं लागतं. सिनियरच्या ते लक्षात येतंच असं नाही, कारण सिनियरही तेवढाच जागा असतो.

आणि सकाळी आठला काय होतं ते पाहा. रात्रपाळीची सिस्टर सकाळच्या सिस्टरला मॉप आणि अवजारं मोजून देते आणि जाते. मामा, म्हणजे वॉर्डबॉय, बदलतात. भूल देणारा रेसिडेंट बदलतो. आमच्या विभागात नाइटनंतर सुट्टी ही रीत मी रुजू झाले तेव्हापासूनची, आणि तिला कुणी आळस म्हटल्याचं मला आठवत नाही. टेबलावरचा पेशंट तोच राहतो, त्याच्याभोवती नवी, झोपून आलेली माणसं उभी राहतात. त्याच्या पोटात ज्याचे हात आहेत तो सर्जरीचा रेसिडेंट तेवढा कालचाच असतो. एकाच खोलीत, एकाच टेबलाभोवती हा भेद आपण इतकी वर्षं चालवून घेतला. मला त्याचं समर्थन आजवर कुणी देऊ शकलेलं नाही.

हे पत्र खुलं आहे आणि या मुलामुलींच्या आईवडिलांनीही ते वाचावं अशी माझी इच्छा आहे, म्हणून त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहिते. सर्जरीच्या प्रत्येक युनिटचा आठवड्यातला एक दिवस इमर्जन्सीचा असतो. समजा मंगळवार. जेआर-वन, म्हणजे पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर, पहाटे पाचला वॉर्डात येतो, कारण राउंडच्या आधी ड्रेसिंग व्हायला हवीत. मग रक्ताचे नमुने, ड्रेनची मापं, केसपेपरवरच्या नोंदी, आठला राउंड, नऊपासून ओपीडी. ओपीडी उरकते तोवर कॅज्युअल्टीतून फोन सुरू झालेले असतात. खरा ओघ लागतो तो संध्याकाळनंतर. तालुक्याच्या दवाखान्यातून पुढे पाठवलेला पेशंट 108 मधून, जीपमधून, कधी एसटीने येऊन पोचेपर्यंत रात्रच होते. किनवट ते नांदेड हेच अंतर शंभर किलोमीटरच्या वर आहे. नांदेडला तेलंगणातून आणि यवतमाळकडूनही पेशंट येतात, छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाला बुलढाणा-जळगावहून, लातूरला बिदरकडून. आतडं फुटलेलं पोट दोन-दोन दिवस अंगावर काढलेलं असतं, कारण आधी गावातला डॉक्टर, मग पैशांची जुळवाजुळव, मग गाडी. सोयाबीनच्या सुगीत मळणीयंत्रात गेलेले हात येतात. ऊसतोडीच्या हंगामात उलटलेल्या ट्रॉल्यांखालची माणसं येतात. समृद्धी आणि सोलापूर-धुळे महामार्गावरचे अपघात बहुधा मध्यरात्रीनंतरचे. रात्रभरात दोन लॅपरोटॉमी, म्हणजे पोट उघडून करायची ऑपरेशनं, मध्ये एकाच्या छातीत नळी, एक मारामारीची एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवावी लागणारी केस, आणि तिचे पोलिसांसाठीचे कागद. बुधवारी सकाळी आठला तोच मुलगा पुन्हा राउंडला उभा. मग पोस्ट-इमर्जन्सीचे पेशंट, काही युनिट्सची तर त्याच दिवशी ओटी, मग संध्याकाळचा राउंड. अंग टाकायला रात्रीचे दहा-अकरा होतात. मंगळवारच्या पहाटे पाचपासून हे तास मोजा.

जागरणाचा मेंदूवर काय परिणाम होतो हे आता अंदाजावर सोडलेलं नाही. 1997 साली 'नेचर'मध्ये आलेल्या ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगानुसार, सलग 17 तास जागं राहिलेल्या माणसाची हात-डोळ्यांच्या मेळाची क्षमता रक्तात 0.05 टक्के दारू असलेल्या माणसाइतकी घसरते, आणि 24 तासांनंतर ती 0.10 टक्क्यांच्या आसपास जाते. आपल्या मोटार वाहन कायद्यात गाडी चालवण्यासाठीची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम, म्हणजे 0.03 टक्के आहे. रस्त्यावर ज्या अवस्थेतल्या माणसाच्या हातून पोलीस किल्ली काढून घेतील, त्या अवस्थेतल्या माणसाच्या हातात आपण बुधवारी दुपारी सुरी देतो. पेशंटच्या नातेवाइकांना हे कळलं तर ते सही करतील का, हा प्रश्न मला निवृत्तीनंतरही सोडत नाही.

आपण म्हणाल, परदेशातल्या सर्जरीच्या अभ्यासात तास कमी केल्याने पेशंटचा फायदा दिसला नाही. बरोबर आहे. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'फर्स्ट' (FIRST) नावाच्या अभ्यासात अमेरिकेतले सर्जरीचे 117 प्रशिक्षण कार्यक्रम होते, आणि ड्यूटीची लांबी लवचिक ठेवली तरी पेशंटचे मृत्यू किंवा गंभीर गुंतागुंत वाढली नाही. मी तो मान्य करते. पण त्यातला तपशीलही मान्य करावा लागेल. दोन्ही गटांना आठवड्याची सरासरी 80 तासांची मर्यादा होती आणि सातातला एक दिवस सुट्टी होती. म्हणजे ज्या गटाच्या ड्यूटीची लांबी तिथे लवचिक होती, त्याचं वेळापत्रकही आपल्या जेआर-वनला सणासारखं वाटलं असतं. त्याआधी 2004 मध्ये हार्वर्डच्या अतिदक्षता विभागांत केलेल्या अभ्यासात, 24 तासांहून लांब पाळ्या करणाऱ्या इंटर्नकडून गंभीर चुका 36 टक्क्यांनी जास्त झाल्या होत्या. तो अभ्यास सर्जरीचा नव्हता, हे खरं. पण झोप न झालेला मेंदू शाखा पाहून वागत नाही.

आता आपल्याकडच्या नियमांचं. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 1992 साली निवासी डॉक्टरांसाठी लिहून ठेवलं आहे की सलग काम साधारणपणे 12 तासांहून जास्त नसावं आणि आठवडा 48 तासांचा असावा. 2023 च्या पदव्युत्तर शिक्षणाच्या नियमांत राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने आकडा दिलाच नाही, 'वाजवी तास' व 'वाजवी विश्रांती' एवढंच लिहिलं. वाजवी किती, ते ज्याने त्याने ठरवायचं. त्यानंतर 2024 मध्ये आयोगाच्याच मानसिक आरोग्यावरच्या कृती दलाने आठवड्याला जास्तीत जास्त 74 तासांची शिफारस केली: एक 24 तासांची ड्यूटी, पाच दिवस प्रत्येकी 10 तास आणि एक पूर्ण सुट्टी. मराठवाड्यातल्या सर्जरी विभागात 48 तास चालणार नाहीत, हे मला ठाऊक आहे, आणि मी ते मागतही नाही. 74 सुद्धा तोंडाने बोलायला सोपे आहेत. पण 24 तासांच्या ड्यूटीनंतर ती संपली असं मानायचं, एवढं त्या हिशेबातलं पहिलं पाऊल तरी आपण उचलू शकतो.

त्याच कृती दलाच्या देशभरातल्या पाहणीत 5,337 पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी उत्तरं दिली. जवळजवळ 45 टक्क्यांनी आठवड्याला 60 तासांहून जास्त काम असल्याचं सांगितलं. निम्म्याहून अधिक जणांना साप्ताहिक सुट्टी नियमित मिळत नाही. आणि सुमारे 31 टक्क्यांच्या मनात आत्महत्येचे विचार येऊन गेले होते. तिघांत जवळपास एक. आपल्या युनिटमध्ये किती रेसिडेंट आहेत ते डोळ्यांसमोर आणा. माहिती अधिकारात आयोगाने दिलेल्या उत्तरानुसार देशात पाच वर्षांत 119 वैद्यकीय विद्यार्थ्यांनी जीव दिला, त्यांतले 55 पदव्युत्तर होते. त्याच काळात 1,006 जणांनी पदव्युत्तर शिक्षण अर्धवट सोडलं, आणि त्यांत 114 जण जनरल सर्जरीचे होते. सर्जरीची जागा किती अभ्यासाने मिळते, ती सोडायची तर बॉण्डचे किती पैसे भरावे लागतात, आणि गावात काय तोंड दाखवायचं, हे सगळं गिळून ही मुलं निघून गेली.

बर्नआउट म्हणजे नुसता थकवा असं समजलं जातं. दोन दिवस झोप दिली की थकवा जातो. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये रोगांच्या वर्गीकरणात बर्नआउटची जी व्याख्या केली तिच्यात तीन गोष्टी आहेत: शक्ती संपून जाणं, कामाबद्दल मनात अंतर किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्याकडून काही नीट होत नाही असं वाटायला लागणं. पहिली गोष्ट सगळ्यांना दिसते. मला भीती दुसरीची वाटते. रुजू झाल्यावर पहिले काही महिने रेसिडेंट ऑपरेशनच्या आधी पेशंटच्या खांद्यावर हात ठेवून त्याचं नाव घेऊन बोलतो. केरळची, राजस्थानची मुलं इथे येतात, कारण निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्याच्या असतात. तीसुद्धा 'कव्हापासून दुखायलंय?' हे विचारायला चार दिवसांत शिकतात आणि त्यांच्या तोंडून ते ऐकून म्हाताऱ्या माणसांच्या चेहऱ्यावर हसू येतं. दिवाळीनंतर कधीतरी ते थांबतं. पेशंटचा 'बेड चौदा' होतो. नातेवाईक तिसऱ्यांदा विचारायला आला की आवाज चढतो. चांगल्या घरची, मुळात प्रेमळ असलेली मुलं अशी बोलताना मी ऐकली आहेत, आणि नंतर ओटीच्या चेंजिंग रूममध्ये स्वतःवरच चिडून रडतानाही पाहिली आहेत.

कॅज्युअल्टीतल्या मारहाणीबद्दल आपण सगळे संतापतो, आणि संतापायलाच हवं. महाराष्ट्रात त्यासाठी 2010 चा कायदा आहे, सुरक्षारक्षक आहेत, निवासी डॉक्टरांच्या मार्ड या संघटनेने संप केले आहेत. पण ज्या क्षणी ठिणगी पडते तो क्षण आठवून पाहा. बावीस तास जागा असलेला मुलगा आणि बाप गमावण्याच्या भीतीने वेडापिसा झालेला दुसरा मुलगा, रात्री तीनला, समोरासमोर. त्यातला एक तरी झोपलेला असता तर दोन वाक्यं वेगळी बोलली गेली असती. मारहाणीचा दोष डॉक्टरावर टाकण्याचा यात काडीचाही हेतू नाही. आपण त्याला त्या अवस्थेत तिथे उभं केलं, एवढंच मला म्हणायचं आहे.

2023 च्या ऑक्टोबरात नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 मृत्यू झाले, त्यांत तान्ही बाळंही होती. कॅमेरे आले, पुढारी आले, औषधांच्या तुटवड्यावर आणि रिक्त पदांवर चर्चा झाली. ती व्हायलाच हवी होती. पण त्या साऱ्या गदारोळात, ड्यूटीवरचे निवासी डॉक्टर त्या दिवसांत किती तास जागे होते हा प्रश्न मला कुठे ऐकू आला नाही.

आता आपलं सर्वांत जुनं उत्तर. 'आम्हीही हेच केलं, आणि सर्जन झालो.' हो, आपण केलं. आपले कष्ट मी डोळ्यांनी पाहिले आहेत आणि त्यांचा मान कमी करण्याचा मला अधिकार नाही. पण आपल्या वेळच्या जेआर-वनच्या कामाची यादी आणि आजची यादी शेजारी शेजारी ठेवून पाहा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या मंजुरीसाठी कागद, फोटो, सीटीच्या फिल्म जमवायच्या असतात, आणि आधार कार्डावरचं नाव रेशन कार्डाशी जुळत नसेल तर आरोग्यमित्राबरोबर धावायचं असतं. प्रबंध आहे, संशोधन पद्धतीचा ऑनलाइन कोर्स आहे, लॉगबुक आहे, पुढच्या सुपरस्पेशालिटीच्या नीटची टांगती तलवार आहे. तीन महिन्यांचा जिल्हा निवासी कार्यक्रम आला, तो चांगला आहे, पण त्या काळात युनिटमधला एक जण कमी होतो आणि त्याचं काम उरलेल्यांवर येतं. पूर्वी जे पेशंट वाटेतच दगावत ते आता 108 मुळे आपल्या दारापर्यंत जिवंत पोचतात. ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्यांचं ओझं ज्या खांद्यांवर येतं त्यांची संख्या त्या प्रमाणात वाढलेली नाही.

आणि खरं सांगायचं तर, रात्रभर ऑपरेशन करून कुणी मोडत नाही. मोडतो तो ट्रॉली ढकलून. मामा नाहीत म्हणून पेशंटला सीटीला रेसिडेंट नेतो. सॅम्पल लॅबमध्ये रेसिडेंट नेऊन देतो, रिपोर्ट आणायला तोच जातो, रक्तपेढीत बाटलीसाठी तोच उभा राहतो. वर्ग-4 ची पदं भरलेली नाहीत, त्याची किंमत सर्जन होऊ पाहणारी मुलं आपल्या झोपेतून भरतात. ज्या रात्री एखाद्या जेआर-वनला अख्खी अपेंडिक्स स्वतःच्या हाताने करायला मिळते त्या पहाटे तो डोळे लाल असूनही चालताना वेगळा दिसतो. चेहऱ्यावर तेज असतं. ज्या रात्री तो फक्त पळत राहिला, त्या पहाटे त्याच्याशी बोलवत नाही. म्हणून 'घरी पाठवलं तर शिकणार कधी?' हा प्रश्न मला उलटा विचारावासा वाटतो. त्या चाळीसेक तासांतले किती तास त्याने शिकण्यात घालवले, एकदा त्याच्याबरोबर बसून मोजा. रक्त काढायला आणि रिपोर्ट आणायला माणूस मिळावा म्हणून अधिष्ठात्यांना लेखी द्या. जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून यंत्रं येतात, तसे त्या खात्यातून कंत्राटी मदतनीस मिळतील का ते पालकमंत्र्यांना विचारा. विभागप्रमुखांनी एकत्र जाऊन विचारलं तर दार उघडतं, रेसिडेंटने विचारलं तर त्याला त्याची जागा दाखवली जाते.

दोन गोष्टी पडद्याच्या माझ्या बाजूने पाहिलेल्या, त्या लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एका पहाटे पोट बंद करताना सेकंड इयरच्या मुलीच्या बोटात सुई गेली. पेशंटचा एचआयव्हीचा रिपोर्ट आलेला नव्हता. अशा वेळी प्रतिबंधक औषध जितकं लवकर तितकं चांगलं, आणि 72 तासांनंतर उपयोग नाही. तिने हातमोजा बदलला आणि पुढचा टाका घेतला. ऑपरेशन संपल्यावर मी विचारलं तर म्हणाली, 'मॅडम, राउंड झाला की जाते.' राउंडनंतर तिला आणखी एका केसला उभं केलं होतं. दुपारी मी स्वतः हाताला धरून तिला औषध घ्यायला नेलं. तिला धोका ठाऊक नव्हता असं नाही, तो विषय ती माझ्याहून ताजा वाचून आली होती. स्वतःची काळजी घेण्याची इच्छाच तिच्यात उरली नव्हती.

दुसरी गोष्ट एका वडिलांची. परभणीकडचे कोरडवाहू शेतकरी. मुलगा फोन उचलत नाही म्हणून घाबरून थेट रुग्णालयात आले होते. मुलगा ओटीच्या बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या झोपला होता आणि त्याला उठवू नका म्हणून ते स्वतःच सगळ्यांना हात जोडत होते. मला म्हणाले, 'मॅडम, बैलबी आम्ही दुपारी सोडतो.' मी काही उत्तर देऊ शकले नाही. ते उत्तर खरं तर आपण द्यायचं आहे.

शिक्षा म्हणून लावलेल्या जादा इमर्जन्सीबद्दल मी फार लिहीत नाही. सगळ्यांना माहीत आहे, कागदावर कुठेच नाही. रिपोर्ट उशिरा आणला, राउंडला पोटॅशियमचा आकडा सांगता आला नाही, म्हणून सलग दुसरी रात्र. ते आजच्या आज बंद करा. झोप हिरावून घेणं ही शिकवण्याची पद्धत असूच शकत नाही.

मुलींबद्दल मात्र लिहायला हवं. सर्जरी घेणाऱ्या मुली वाढल्या, ही माझ्या पिढीला फार मोठी गोष्ट वाटते. रात्री दोन केसेसच्या मध्ये त्या कुठे पाठ टेकतात? ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्यात निवासी डॉक्टर मुलगी लांबलेल्या ड्यूटीत सेमिनार हॉलमध्ये विसावा घ्यायला गेली आणि तिथे तिच्यावर अत्याचार होऊन तिचा खून झाला. त्यानंतर आपल्याकडे सीसीटीव्हीची पत्रकं निघाली. आतून कडी लागणारी, स्वच्छतागृह असलेली, ओटीजवळची खोली किती ठिकाणी मिळाली, ते प्रत्येक विभागप्रमुखाने स्वतः चालत जाऊन बघावं.

मन थकलं तर जायचं कुठे, हाही प्रश्न आहे. मानसोपचार विभाग त्याच आवारात असतो, तिथले रेसिडेंट आपल्याच मेसमध्ये जेवतात, आणि केसपेपरवर नाव लागतं. म्हणून कुणी जात नाही. शेजारच्या महाविद्यालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांशी आपण आपसात बोलून ठेवलं, नांदेडच्या मुलांसाठी लातूरचे आणि लातूरच्यांसाठी अंबाजोगाईचे, आणि नाव नोंदवल्याशिवाय फोनवर बोलता आलं, तर वाट मोकळी होईल. केंद्र सरकारची टेलीमानस ही 14416 क्रमांकाची सेवा 24 तास चालते, मराठीतही बोलता येतं. हा क्रमांक ड्यूटी रूममध्ये लावा. पण तो लावून आपली जबाबदारी संपली असं कृपया मानू नका, कारण जागरणावर समुपदेशन हा उपाय नाही.

आता, करायचं कसं. मी चार्ट बनवलेले आहेत, त्यामुळे अडचणी ठाऊक आहेत. खरी अडचण माणसांच्या संख्येइतकीच युनिटच्या अभिमानाची आहे. 'माझ्या युनिटचा पेशंट माझ्याच मुलांनी पाहायचा.' या आपलेपणाची मला कदर आहे, त्यावरच सर्जरी उभी आहे. पण त्या बुधवारी आपल्या पेशंटला आपलंच अर्धवट झोपेतलं माणूस पाहतं की शेजारच्या युनिटचं पूर्ण शुद्धीतलं, यातलं पेशंटच्या भल्याचं काय ते ठरवा. सकाळी आठ वाजता, बेडसाइडला, लेक्चररच्या उपस्थितीत, लेखी हँडओव्हर होऊ द्या. अर्धा तास पुरतो. ज्यांचा इमर्जन्सीचा दिवस नव्हता त्या प्रत्येक युनिटने एकेक रेसिडेंट त्या दिवसापुरता द्यायचा. आज आपण त्यांना दिला तर परवा ते आपल्याला देतील. पोस्ट-इमर्जन्सीच्या दिवशी युनिटची नियोजित ओटी ठेवूच नका. टेबलांचे वार बदलायला भूल विभागाशी बसून बोलावं लागेल, आणि माझ्या अनुभवाने सांगते, ते आनंदाने बसतील, कारण अर्धवट झोपेतल्या सर्जनसमोर बसायला त्यांनाही आवडत नाही. ज्याला थांबायचं असेल त्याने थांबावं, अशी सूट मात्र देऊ नका. पहिल्या वर्षाचा मुलगा सिनियरसमोर 'मला जायचंय' कधीच म्हणणार नाही. त्याला जावंच लागेल असा नियम हवा.

काही विभागांत रेसिडेंटच कमी आहेत, तिथे हे दर आठवड्याला जमणार नाही हे मी समजू शकते. तिथे निदान पहिल्या वर्षापासून सुरुवात करा, आणि सलग दोन आठवडे एकाच मुलाची सुट्टी बुडणार नाही एवढं पाहा. धाराशिव, परभणी, जालना आणि हिंगोलीच्या नव्या महाविद्यालयांच्या विभागप्रमुखांना माझी वेगळी विनंती आहे. आपल्याकडे अजून जुनी रीत नाही. सर्जरीचे निवासी डॉक्टर जसजसे येतील, तसतशी जी रीत आपण घालाल ती पुढची तीस वर्षं चालेल. सुरुवातीलाच चांगली घाला.

यात मराठवाड्याचा स्वार्थही आहे. अंबाजोगाईचं महाविद्यालय ग्रामीण भागात उभं राहिलं, ते याच भागातल्या माणसांवर इथेच उपचार व्हावेत म्हणून. घाटी 1956 पासून हेच करते आहे. आज भोकरदनला, किनवटला, गंगाखेडला रात्री फुटलेलं आतडं उघडायला सर्जन मिळत नाही, म्हणून पेशंट लांबच्या मोठ्या रुग्णालयात हलवावा लागतो आणि तो भार पुन्हा आपल्याच इमर्जन्सीवर येतो. तालुक्याला जाऊन हे काम करू शकणारा माणूस आत्ता आपल्या वॉर्डात ट्रॉली ढकलतोय. तीन वर्षांनी बाहेर पडताना त्याच्या मनात सर्जरीबद्दल तिटकारा असेल तर तो पुण्याला जाऊन दिवसा ठरलेल्या वेळेत होणारी ऑपरेशनं करेल, रात्रीचा फोन बंद ठेवेल. त्याला दोष देता येणार नाही.

नवी बॅच रुजू होईल तेव्हा ड्यूटी चार्ट नव्याने टाइप होईलच. त्यात इमर्जन्सीच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना काढा, त्यात 'सुट्टी' लिहा आणि खाली आपली सही करा. ती प्रत ओटीच्या दारावर, कॅज्युअल्टीत आणि मेसमध्ये लावा, म्हणजे कुणाला विचारत बसावं लागणार नाही. पहिले तीन महिने गोंधळ होईल, एखादा रिपोर्ट चुकेल, आपल्याला राग येईल. त्या तीन महिन्यांत आपण मागे हटू नका, एवढीच माझी आपल्याकडे विनंती आहे. चार्ट बसवायला हात लागणार असेल तर मी मराठवाड्यातल्या कोणत्याही महाविद्यालयात यायला तयार आहे.

कळावे,

आपली,
एक निवृत्त भूलतज्ज्ञ